खडपबेटावरची त्रेपन्न मिनिटं

आमच्या शिराळ्याला समुद्र नाही. मोरणा आहे, आणि ती उन्हाळ्यात गुडघाभरही नसते. अशा गावातला एक माणूस सदतीस वर्षं समुद्राला दिवा दाखवत होता असं सांगितलं, की ऐकणाऱ्याला आधी हसू येतं. गावालाही यायचं. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस पलटणीत असतो. कुणी सुट्टीवर आला की पारावर बर्फाच्या आणि बंदुकीच्या गोष्टी चालतात. माझे चुलते लालासाहेबही सुट्टीवर आले की त्या पारावर जाऊन बसायचे, आणि कुणीतरी हटकून विचारायचं, "काय लाला, वात सारली का?" ते नुसते हसायचे. गावानं त्यांना 'दिवेवाला लाला' नाव ठेवलं, ते आजतागायत आहे.

आम्ही घरात त्यांना तात्या म्हणतो. तात्याही पलटणीच्या भरतीला गेले होते, साताऱ्याला, एकदा नव्हे दोनदा. दोन्ही वेळा छाती इंचभर कमी भरली. मग कुणीतरी दीपगृहाच्या नोकरीची जाहिरात दाखवली आणि ज्यानं तोवर मोरणेपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं तो माणूस कोकणातल्या खडपबेटावर हजर झाला. चहूबाजूंनी समुद्र, एका अंगाला कोळ्यांची पन्नासएक घरं, छोटंसं बंदर आणि टेकाडावर काळ्या दगडाचा मनोरा. मनोऱ्याच्या पायऱ्या एकशे बारा. बाकीच्या नोकरीत चार ठिकाणी बदल्या झाल्या, पण तात्यांची उमेदीची वर्षं तिथंच गेली. मनूकाकी त्यांच्याबरोबर असायची. त्यांचा जयराज मात्र शाळेसाठी आमच्या घरी राहिला, माझ्या पाठच्या भावासारखा वाढला, आणि बापाची इंचभर कमी पडलेली छाती भरून काढून आज पलटणीत सुभेदार आहे.

मी राजेश्वरी. इथल्याच हायस्कुलात गेली सव्वीस वर्षं मराठी शिकवते. निबंधस्पर्धेला परीक्षक म्हणून मला इस्लामपूरपासून बोलावणं येतं. ही प्रौढी मिरवायला सांगत नाही. पुढं जे झालं ते माझ्या या चांगल्या मराठीनंच केलं, म्हणून सांगते.

गेल्या दिवाळीनंतर तात्यांना एक पत्र आलं. खडपबेटाच्या दिव्याला शंभर वर्षं पूर्ण होत होती. आता तिथं माणूस कुणी नसतो. दिवा उन्हावर चालतो, आपला आपण लागतो, आपला आपण बंद होतो. दीपगृहांचं सरकारी खातं एक पुस्तिका काढणार होतं आणि जुन्या नोकरांकडून आठवणी मागवल्या होत्या. तात्यांचे डोळे काचबिंदूनं चार वर्षांपूर्वीच गेलेत. पत्र मीच वाचून दाखवलं. ते म्हणाले, "राजी, मी सांगतो, तू लिव. पर म्या सांगितलंय तसंच लिवायचं."

मी म्हटलं, "तात्या, मी पोरांचं शुद्धलेखन तपासते, तुमचं इमान नाही."

मग रविवारी दुपारी सोप्यात आमची बैठक सुरू झाली. ते लोडाला टेकून, मी वही घेऊन, काकी आत-बाहेर करत. तात्यांचा इतिहास कुठल्या गोऱ्या साहेबाच्या नावानं सुरू होत नव्हता. तो सुरू झाला दगडांपासून. दगड पलीकडच्या किनाऱ्यावरून गलबतानं आणलेले, दोन गलबतं दगडांसकट बुडालेली. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली दोन खडक आहेत, बेटावरचे लोक त्यांना सासू आणि सून म्हणतात. दोघींच्या मधून एकच होडी जाईल एवढी वाट. दिवा उभा राहिला तो त्या वाटेसाठी. समुद्रावरून येताना दिवा नाकासमोर धरायचा आणि सरळ यायचं. जरा डावीकडे गेलं की सून, उजवीकडे गेलं की सासू.

"दिवा नसला तर?" मी विचारलं.

"तर दोघींपैकी कोनतरी जवळ करतीच," तात्या म्हणाले.

आधी वातीचा दिवा होता. काचांचा भला मोठा पिंजरा त्याच्याभोवती फिरे, आणि तो फिरावा म्हणून साखळीला वजन बांधलेलं. ते वजन दर तीन तासांनी हातानं वर ओढायचं. मग रॉकेलची वाफ जाळणारी बत्ती आली. तिला तळमजल्यावरच्या तेलाच्या खोलीतल्या पंपानं हवेचा दाब द्यावा लागे. हे सगळं सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास सुरू करायचं, म्हणजे सूर्य बुडायला आणि दिवा लागायला एक गाठ पडते. त्यानंतर नोंदवहीत लिहायचं: तारीख, सूर्यास्ताची वेळ, दिवा लावल्याची वेळ, सही. खाडाखोड चालत नाही. तात्यांना हे सांगताना चेव यायचा. काचा पुसायला कोणतं फडकं, मेंढीच्या कातड्याचा तुकडा कुठं वापरायचा, पक्षी काचेवर आपटून मेले तर ते कुठं पुरायचे. मी लिहीत होते आणि मनात म्हणत होते, आपला तात्या काय गुणाचा माणूस आहे आणि गावानं त्याला पारावर बसवून चेष्टा केली.

चौथ्या रविवारी ते म्हणाले, "आता म्होरलं नीट लिव. हे कुनालाबी ठावं न्हाई. तुज्या काकीला ठावं हाय तेवडंच."

काकी दारात उभी होती. ती आत गेली.

आता आमच्या गावची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. शिराळ्याची नागपंचमी सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी पंचमीच्या आधी गावची माणसं शिवारात फिरून जिवंत नाग धरायची, मडक्यात ठेवायची, पुजायची आणि मग जिथून आणला तिथं नेऊन सोडायची. कोर्टाची मनाई आल्यापासून ते थांबलं आणि तेव्हापासून या विषयावर बाहेरच्यानं काही शहाणपण शिकवलं की गाव पेटतं. पण धरायचं म्हणजे दिसला की धरायचा असं नव्हतं. आधी अंबाबाईचा कौल घ्यायचा. देवीनं उजवा दिला तर नागाला हात लावायचा, एरवी नाही. आणि बायका आदल्या दिवशी भावासाठी उपास धरायच्या, अजून धरतात. नाग हा भाऊ. मीही जयराजसाठी धरते.

मनूकाकीला एकच भाऊ होता, नानासो. तो पलटणीतून श्रीलंकेला गेला आणि आला तो पेटीतून. त्यानंतरची चौथी की पाचवी पंचमी. काकी बेटावर होती. चार दिवस वारं सुटलेलं, त्या दिवशी सकाळी जरा उघडीप मिळाली. मुख्य दिवेवाला पलीकडच्या किनाऱ्यावर अडकलेला. दुसरा गडी तापानं फणफणलेला. मनोऱ्यावर तात्या एकटे. काकीनं पाटावर गंधानं नाग काढून पुजला होता, पुरणाची दिंडं उकडली होती. आमच्याकडे त्या दिवशी चिरत नाहीत, तळत नाहीत, तवा ठेवत नाहीत.

"पावणेसातला खाली तेलाच्या खोलीत आलो," तात्या सांगत होते. "तर पंपावर बसलाय. वेटोळं घालून. फडाबी काडला न्हाई. घरचा असल्यावानी नुसता बसलाय."

"मग?"

"मग काय. तुजी काकी लाह्या घिऊन दारात आली. बगितलं आन् म्हनली, आवं, हात लावू नगा. माजा नानासो आलाय."

मी लिहायची थांबले. "तात्या, तुम्हाला धरता येत नव्हता का?"

"मला?" तात्यांना राग आला. "सतरा नाग धरल्यात ह्या हातांनी. काठीनं मान दाबायची, शेपूट धरायची, पाच मिनटांचं काम. पर कौल कुटं व्हता? अंबाबाई हितं, मी तितं. बिनकौलाचा धरायचा? त्योबी पंचमीला? आन् ती दारात हुबी, तोंडात पदर घालून रडतीया. म्हनलं, पावसाळ्याचा दर्या हाय, कोन येतंय आज. जाईल त्येचं त्यो. थांबलो."

ते थांबले. सूर्यास्त सात दहाचा होता. ढग असल्यामुळे अंधार लवकर पडला. काकीनं उंबऱ्यात लाह्या आणि दुधाची वाटी ठेवली. नवरा-बायको दोघं दारात उभी राहिली. आठाला पाच-सात मिनिटं कमी असताना नाग उठला, दुधाकडे ढुंकून न बघता मोरीच्या भोकातून निघून गेला. तात्यांनी दाब दिला, एकशे बारा पायऱ्या पळत चढले आणि दिवा लावला. आठ वाजून तीन मिनिटं झाली होती. त्रेपन्न मिनिटं उशीर.

"वर टेबलावर नोंदवही व्हती. म्या लिवलं, सात दहाला दिवा लावला. तवा मला काय ठावं न्हवतं, राजी. अंबाबाईशपत ठावं न्हवतं. येक दिवस उशीर झाला, कोनाच्या बापाचं काय गेलं, आसं म्हनून लिवलं. शाई वाळायच्या आत धक्क्यावरनं बायकांचा वरडा आयकू आला."

हिराजी तांडेल सकाळच्या उघडीपीत होडी घेऊन किनाऱ्याला गेला होता. बेटावरचं धान्य संपलं होतं. बरोबर बेटावरचे दोघे जण. दुपारी निघायचा तो अडकला, कारण दवाखान्यातून औषध मिळायला उशीर झाला. औषध कुणाचं, तर तापानं पडलेल्या दिव्यावरच्या गड्याचं. पावणेआठच्या सुमारास तो बंदराच्या तोंडाशी आला. नाकासमोर धरायला दिवा नव्हता. होडी सुनेवर फुटली. तिघांपैकी कुणी वाचलं नाही. हिराजी तिसऱ्या दिवशी सापडला.

चौकशी झाली. कुणीतरी म्हणालं, पिऊन हाकली असणार, आणि तेच कागदावर गेलं. हिराजी आयुष्यात दारूला शिवला नव्हता. त्याची बायको द्वारका त्या संध्याकाळी धक्क्यावर एकटीच त्याची वाट बघत उभी होती, बाकीचं बेट वाऱ्यापावसात दारं लावून घरात होतं. तिनं चौकशीच्या साहेबाला तोंडावर सांगितलं, दिवा नव्हता. साहेबानं नोंदवही तिच्यापुढं फिरवली. तिला वाचता येत नव्हतं. "बाई, इथं लेखी आहे," साहेब म्हणाला, आणि त्यानं तात्यांकडे बघितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय न्हाई. मान हलवली."

मग तात्या म्हणाले, "त्येच्या मागनं सा वर्सं म्या त्या बेटावर काडली. ती बाई मला भाऊ म्हनायची. कालवणाला मासळी धाडायची. लोक तिला येडी म्हनायचे, दिवा न्हवता दिवा न्हवता म्हनत फिरती म्हनून. तिच्या पोरांना दारुड्याची पोरं म्हनायचे. ती हाय अजून. मी मरायच्या आत ती खरी ठरली पायजे, राजी. त्या पुस्तकात आलं म्हंजे बेटावर घरोघर वाचतील. बास. मला दुसरं काय नगं."

मी सगळं लिहून घेतलं. वाचून दाखवलं. त्यांनी पानाखाली चाचपत सही केली, ओळ सोडून तिरकी गेली. मी उठले तशी काकी माझ्या मागोमाग फाटकापर्यंत आली.

काकी कधी कुणाचा हात धरणारी बाई नाही. तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "राजे, त्येंनी थांबावं म्हनून म्या सांगितलं. मी रडले न्हसते तर त्येंनी काठी घातली असती. पुस्तकात आलं म्हंजे तीन मानसं म्या मारली आसं हुतंय. जयराजला काय वाटंल? गाव काय म्हनंल?" मग म्हणाली, "मेलेली मानसं काय परत येत्यात व्हय?"

मी तिला काही कबूल केलं नाही. हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय, की मी कबूल केलं नव्हतं. घरी आले, वही उघडली, पक्की प्रत लिहायला घेतली. दगड लिहिले, सासू-सून लिहिल्या, मेंढीचं कातडं लिहिलं. त्या पानाशी आले आणि मला दिसायला लागलं, शिराळ्याच्या माणसानं नागापायी दिवा लावला नाही, हे छापून आलं की काय काय होईल. वर्तमानपत्रवाले येतील. गाव आमच्या दारात येईल. वर्गात पोरं फिदीफिदी हसतील. आणि काकी. सत्तरीची बाई, कुठं तोंड लपवेल? शाळेत मी पोरांना खरं बोलण्यावर दरवर्षी निबंध घालते. मला तेव्हा ते आठवलंसुद्धा नाही.

मी ते पान गाळलं. नुसतं गाळलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण मधे भोक दिसायला लागलं. म्हणून तिथं एक वाक्य घातलं. लिहिल्यावर ते मलाच इतकं आवडलं की दोनदा मोठ्यानं वाचलं: "शंभर वर्षांत या दिव्याने एकही संध्याकाळ चुकवली नाही, वाट चुकली असेल तर ती माणसांची."

पाकीट पोस्टात टाकलं. तात्यांना सांगितलं, पाठवलं. काकीनं मला काही विचारलं नाही, पण त्या आठवड्यात माझ्याकडे दोनदा धपाटे पाठवले.

फाल्गुनात पुस्तिका आली. गुळगुळीत कागद, मनोऱ्याचं रंगीत चित्र, तात्यांचा जुना गणवेशातला फोटो. एकोणिसाव्या पानावर माझं वाक्य ठळक अक्षरात चौकटीत छापलेलं. शेवटी 'शब्दांकन' म्हणून माझं नाव, खाली फोन नंबर. तात्यांनी पुस्तिका हातात घेतली, नाकाशी धरली, पानं चाचपली. म्हणाले, "त्ये पान कितवं?"

"एकोणीस."

"वाच."

मी पान उघडलं आणि त्या चौकटीकडे बघत बघत, त्यांनी सांगितलेलं सगळं पाठ म्हणून दाखवलं. पंपावरचा नाग. त्रेपन्न मिनिटं. हिराजी प्यालेला नव्हता. द्वारका खरं बोलत होती. एक शब्द चुकले नाही. काकी स्वयंपाकघरात भांडी घासत होती, तिचे हात थांबलेले मला ऐकू आले. तात्यांनी ते पान मागून घेतलं, कोपरा दुमडला, आणि म्हातारा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. म्हणाला, सुटलो. मला त्या क्षणी जमिनीनं गिळलं असतं तरी चाललं असतं. पण मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि गप्प राहिले.

"येक द्वारकाला धाड," ते म्हणाले.

"धाडते," मी म्हटलं. धाडायचा प्रश्नच नव्हता. पण खात्यानं समारंभाच्या दिवशी बेटावर घरटी एक प्रत वाटली होती, ते मला माहीत नव्हतं.

त्यानंतर तात्यांची तब्येत सुधारली असं सगळे म्हणायला लागले. दोन घास जास्त जेवायचे. पारावर जायचं त्यांनी डोळे गेल्यापासून सोडलं होतं, तर एक दिवस माझा हात धरून गेले. कुणीतरी सवयीनं म्हणालं, "काय लाला, वात सारली का?" तर म्हणाले, "सारली बाबा येकदाची." मी मान खाली घालून उभी होते. पंधरा दिवस मी स्वतःला पटवत होते, की बघ, म्हातारा सुखात आहे, काकी सुखात आहे, कुणाचं काय बिघडलं.

चैत्रातली गोष्ट. शाळा सुटल्यावर तात्यांकडे गेले होते. काकी शेंगा फोडत बसली होती. माझ्या फोनवर अनोळखी नंबरावरून बोललेला निरोप आला. परीक्षेचे दिवस, पालक असे निरोप पाठवतात. मी न बघता दाबला. माझा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, खडपबेटावरून बोलतेय. आमच्या आजीला दिवेवाल्या भाऊंशी बोलायचंय. तुमचा नंबर पुस्तकात होता."

माझा अंगठा बंद करायला गेला. तात्यांनी हवेत हात उगारला. "थांब. बंद करू नगंस."

मग एक म्हातारा, चिरका आवाज आला. "भाऊ, मी द्वारका. नातीनं तुमचं पुस्तक वाचून दाखवलं. चांगलं लिहिलंय हो. भाऊ, मी तीस वर्षं म्हणत होते, दिवा नव्हता. तुम्ही साहेबापुढं मान हलवलीत तेव्हा मी मनात म्हटलं, बिचाऱ्याची नोकरी आहे, काय करील. तुमच्यावर कधी राग धरला नाही. पण आता तुम्ही घरी बसलात, कुणाचं भय नाही, जायचं वय झालं. या वयात माणूस खोटं कशाला लिहील? तुम्ही लिहिलंय दिवा एकही दिवस चुकला नाही, म्हणजे नसेलच चुकला. मलाच दिसला नसेल. डोळ्यांत पाणी असेल माझ्या. म्हणजे ते प्यालेलेच होते, भाऊ. मला तसं कधी वाटलं नव्हतं. असू दे. आता मी ते बोलायचं सोडलंय. पोरांनाही सांगितलं, तुमच्या बापाची चूक होती म्हणून. तब्येतीला जपा."

निरोप संपला. काकीच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"राजी," तात्या म्हणाले, "ते पान परत वाच."

पुस्तिका त्यांच्या उशाशी होती. दुमडलेल्या कोपऱ्यावर ती आपोआप उघडली. मी चौकटीतलं वाक्य वाचलं. पहिल्यांदाच, जसं छापलंय तसं.

"हे कुनी लिवलं?"

"मी."

"आवं, तिला बोलू नगा, म्याच तिला," असं काकी म्हणायला लागली, पण तात्यांनी तिच्याकडे तोंडही वळवलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझा आवाज आला होता तिकडे. मला वाटलं शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. ते म्हणाले, "वाक्य झ्याक हाय."

मग हात पुढं केला. "फोन दे. कुटं दाबायचं ते दाव."

मी त्यांचा अंगठा धरून त्या खुणेवर ठेवला. तात्या ताठ बसले. गणवेशाची बटणं लावल्यासारखा सदऱ्यावरून हात फिरवला आणि नोंदवहीत लिहायचे तसं, एकेक शब्द सुटा करून बोलले.

"खडपबेट. नागपंचमी. सूर्यास्त सात वाजून धा मिनटं. दिवा लावला आठ वाजून तीन मिनटांनी. तेलाच्या खोलीत नाग व्हता म्हनून मी थांबलो. माज्या बायकूचा दोस न्हाई, ड्यूटी माजी व्हती. नोंद खोटी लिवली. हिराजी प्यालेला न्हवता. द्वारका, तुजे डोळे बरूबर व्हते. पुस्तकातलं खोटं हाय. सही, लालासाहेब."

अंगठा उचलला. निरोप गेला.

बेटावर फोन कधी लागतो, कधी लागत नाही. तीन दिवस एकच खूण दिसत होती. चौथ्या दिवशी दोन झाल्या, आणि त्याच दुपारी निळ्या झाल्या. म्हणजे ऐकलं. मी त्या नंबरावर फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, उचलला नाही. खात्यालाही पत्र लिहिलं, की एकोणिसाव्या पानावरचा मजकूर माझा आहे, तात्यांचा नाही, आणि तो खोटा आहे. त्याला उत्तर आलं, की पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायचा विचार नाही.

जयराजला मीच सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आक्का, ह्याच्या आधी सांगायचं हुतं." काकी आता माझ्याशी बोलते, पण धपाटे पाठवत नाही.

यंदाच्या पंचमीला गावात गर्दी होती, मिरवणूक होती, गाड्यांना जागा नव्हती. काकीनं आदल्या दिवशी उपास धरला नाही. दिंडं मात्र केली, तात्यांना आवडतात म्हणून. मी दिवेलागणीला गेले तेव्हा ते सोप्यात बसले होते. रोजच्यासारखं त्यांनी माझी चप्पल वाजलेली ऐकली आणि रोजचंच विचारलं, "आलं का गं काय बेटावरनं?"

येताना रस्त्यात दोनदा बघितला होता, तरी मी पुन्हा फोन काढून बघितला.

"न्हाई आलं, तात्या," मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली आणि काकीला दिवा लावायला सांगितलं.